सांध्याच्या वरची काडी

१२ जून

चि. सौ.,

सौ. सवयीनं लिहिलं गेलं. ते अजून लागू आहे की नाही हे तू मला कळवलेलं नाहीस आणि मी विचारणारही नाही. खोडलं तर कागद घाण दिसतो, म्हणून राहू दिलं.

पत्र बघून तुला वाटेल, म्हातारा नरमला. तसलं काही नाही. आई गेली त्या आठवड्यात पाहुण्यांसमोर मी जे बोललो ते बोललो. नवरा सोडून आलेल्या मुलीचं बाप काय टाळ्या वाजवून स्वागत करतो? तू बॅग उचलून निघून गेलीस, तेही तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. तो विषय मला उगाळायचा नाही. घरात एक गोष्ट घडली, ती कळवणं माझं काम आहे म्हणून लिहितो. फोन केला असता, पण फोन बैठकीत आहे आणि सूनबाईचे कान घरभर. तुझ्या दादानं मला खिशातला फोन घेऊन दिलाय. त्यात स्वतःचा, सूनबाईचा आणि डॉक्टरचा नंबर घातला आणि झालं म्हणाला. आणखी एखादा घालावा हे त्याला सुचलं नाही, आणि मला ते येत नाही.

तर, तुझ्या आईचं मोसंबीचं झाड मोडलं.

मार्चमध्येच मोडलं. वरच्या मजल्याचं काम काढलंय, त्यासाठी वाळूचा ट्रक आला. ट्रक मागे घेणारा एक गाढव आत बसला होता आणि ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा दुसरा मागे उभा होता. दुसरा म्हणजे तुझा दादा. झाड गुडघ्याएवढ्या उंचीवर कडाडलं. मी धावत बाहेर आलो तर दादा म्हणाला, “आप्पा, जुनंच झालं होतं.” मी म्हटलं, “जुना मीही झालोय, मग माझ्यावर पण घाला ट्रक.” तर हसला. त्याला सगळ्याचं हसू येतं.

बुंधाही उपटायला निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या, पाय टेकवून बूट बांधायला बरा पडतो. मी बूट घालत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. इतकं लक्ष आहे माझ्याकडे.

आता त्या बुंध्यातून दोन नव्या फुटी फुटल्यात. एक जाड, सरळ, काटेरी, बघता बघता हातभर झाली. अगदी तुझ्या दादासारखी ताठ. दुसरी काडीच, आजारातून उठलेल्या माणसासारखी एका अंगाला कललेली. दोन्ही ठेवून चालणार नाही हे मलाही कळतं. मी जाड ठेवणार आणि काडी उडवणार. लाकडाच्या वखारीत जन्म काढलाय मी, तू पुस्तकात पाहिली नसशील इतकी झाडं हातांखालून घातली. तू म्हणशील, आप्पा, तुमच्यापुढं आलेलं प्रत्येक झाड आडवं होतं. म्हण. तुझी जीभ मला ठाऊक आहे.

मी सल्ला मागत नाही. तू कॉलेजात वनस्पती शिकवतेस म्हणून उगाच नंतर बोंब नको, एवढ्यासाठी कळवलं. काही म्हणणं असेल तर लवकर लिही. करवतीला धार लावून ठेवलीय.

आप्पा

३० जून

चि. सौ.,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर. वर नमस्कार नाही, खाली तब्येतीची चौकशी नाही. पोस्टमननं माझ्या हातात दिलं तेव्हा पाकीट इतकं हलकं होतं की मला वाटलं रिकामंच आहे.

“आप्पा, काहीही कापू नका. आधी बुंध्याभोवतीची माती उकरा. आईनं डोळा भरला होता तो सांधा दिसेल. सांध्याच्या वरून आलेली फूट आईच्या मोसंबीची. खालून आलेली असेल ती खुंटाची, रानलिंबाची. तिला काटे असतात आणि ती जोरात वाढते. वरची ठेवा.” एवढंच.

मला शिकवतेस? तुझी आई ते कलम करत होती तेव्हा मी शेजारी उभा होतो. तू पाळण्यात होतीस. तिनं रानलिंबाचं रोप आधी वाढवलं, मग माहेरच्या झाडाची डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. रोपाच्या सालीला चाकूनं चीर दिली, साल दोन्हीकडून उचलली, डहाळीवरचा एक डोळा अलगद सोलून त्या चिरेत सरकवला आणि वर पट्टी गुंडाळली. मी हसलो होतो. म्हटलं, बोट कापल्यासारखी चिंधी बांधून कुठं झाड होतं का? ती म्हणाली, “तुम्ही लाकडं मोजा.” पुढं डोळा फुटला, तिनं वरचं रानलिंबू छाटून टाकलं आणि त्या एका डोळ्याचं झाड झालं. मुळं एकाची आणि फळं दुसऱ्याची. मला ती लबाडी तेव्हाही पटली नव्हती, पण मोसंबी मात्र साखर होती, ते कबूल. तिच्या माहेरचं झाड रस्ता रुंद करताना गेलं. म्हणजे आता जे काही आहे ते इथं, या बुंध्यात. हे मला समजत नाही असं तुला का वाटतं?

माती उकरायची म्हणतेस. ती माती मी घातली आहे. तुझी आई बुंधा उघडा ठेवायची, दर वर्षी माती मागे ओढायची. उघड्यावर बुंधा बघून मलाच थंडी वाजायची. ती गेल्यावर मी चांगला ओटा करून दिला, वरून वाळू घातली, थापून गुळगुळीत केला. माणूस पांघरूण घेतो की नाही? त्यामुळे आता दोन्ही फुटी मातीतूनच वर आलेल्या दिसतात आणि कुठली कुठून निघाली ते दिसत नाही. त्यात माझा काय दोष? झाडानं सांधा जरा वर ठेवायचा.

तू खाली बारीक अक्षरात लिहिलंयस की उकरायचं नसेल तर दोन्हींची पानं चुरगळून वास घ्या, लिंबासारखा आला तर ती रानटी. मी दोन्ही चुरगळली. दोन्हींचा वास सारखाच आला. झालं तुझं शास्त्र?

उकरणं पावसाळ्यानंतर बघू. सध्या पाठ धरलीय आणि माती ओली आहे. ओल्या मातीत मुंग्याही असतात. आणि इतकंच असेल तर बाजारातून एक मोसंबं आणीन आणि त्यातली बी लावीन. त्यात काय मोठं?

आप्पा

२१ जुलै

चि. सौ.,

बापाला असं लिहितात? मी तुझं वाक्य परत परत वाचलं, चष्मा पुसून वाचलं. “बी लावलीत तर फळ खायला मी असेन, तुम्ही नसाल.”

सूनबाईसुद्धा असं तोंडावर बोलत नाही. ती तोंड फिरवून बोलते.

पुढचं मात्र मला समजलं असं समजू नकोस. तू म्हणतेस, बीतून आलेलं रोप कितीही उंच झालं तरी कैक वर्षं ते पोरच असतं. नुसतं वाढतं, काटे काढतं, फुलत नाही. पण फळं देणाऱ्या झाडाचा डोळा काढून भरला तर तो आधीच वयात आलेला असतो. म्हणून आईनं भरलेला डोळा तिच्या माहेरच्या झाडाच्या वयाचा, आणि त्याची काडी वीतभर असली तरी जाणती. खुंट बीतून आलेला, म्हणून त्याची फूट माझ्या डोक्याएवढी झाली तरी पोर.

काडी थोर आणि सोटा पोर! हे शिकवायला तुला कॉलेजात खुर्ची देतात, पंखा देतात? शेजारच्या मास्तरांना वाचून दाखवलं. ते भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, “बरोबर आहे हो. माझा थोरला बघा, सहा फूट आहे.” या माणसाला मी इतकी वर्षं शहाणा समजत होतो.

तुझं हे शास्त्र लहानपणापासूनचं आहे. मोसंब्याची एक बी कुंडीत खोचली होतीस आणि तिच्यातून तीन कोंब आले. तू नाचत आलीस. एका बीत तीन कसे, तर पुढं कॉलेजातून शिकून येऊन तूच सांगितलंस की त्यातला एखादाच कोंब आईबापांचा, बाकीचे नुसते आईचे, बापाचा संबंधच नाही, आई जशीच्या तशी पुन्हा. भर पंगतीत सांगितलंस. तुझी आई पदराआड हसत होती. मी तेव्हाच म्हणालो होतो की ही मुलगी कुणाचं ऐकून घेणार नाही.

जाड फूट आता छातीला लागली आहे. मी तिला काठी बांधली. काडीला चार पानं आहेत. पाणी दोघींना एकाच तांब्यातून घालतो, पण काडीला पिता येत नाही त्याला मी काय करू?

पाठ अजून तशीच.

आप्पा

९ सप्टेंबर

चि. सौ.,

पाऊस यंदा लवकर गेला. माती वाळली. पाठही बरी आहे. हे सगळं मी लिहिलं नाही तर तू विचारशील म्हणून आधीच लिहितो. उकरलेलं नाही.

का, ते ऐक. तुला झाड समजतं, घर समजत नाही.

तुझा दादा नवी गाडी घेतोय. ती ठेवायला अंगणात फरशी आणि वर पत्र्याची शेड. सूनबाई मोजायचा फीता घेऊन सकाळी बाहेर आली, एक टोक मला धरायला दिलं. मी धरलं, मला वाटलं पडद्याचं माप घेतेय. मग म्हणाली, “आप्पा, मागचं चाक बरोबर तुमच्या बुंध्यावर येतंय.”

मी म्हटलं, “चाक पुढं घ्या.”

“मग पुढचं चाक रस्त्यावर जाईल.”

“मग गाडी लहान घ्या.”

तिनं फीता गुंडाळला. तो गुंडाळताना असा आवाज करते की समोरच्याला गुन्हेगार वाटावं. संध्याकाळी दादाला पुढं घातलं. तो म्हणाला, “आप्पा, याला फळ धरणार आहे का? असेल तर काहीतरी करू. नुसतं काटेरी झुडूप राखायचं असेल तर लोक हसतील.” मी जाड फुटीकडे बोट दाखवलं. म्हटलं, “केवढी झालीय बघ. पुढच्या हंगामात टोपली भरेल.” त्यानं वर बघितलं आणि आत गेला. उंचीला माणूस भितो. तुझ्या दादाला उंची, रुंदी आणि चकाकी एवढंच कळतं, त्यामुळे त्याला समजावणं सोपं आहे.

आता तू म्हणतेस ते करतो समज. माती उकरली, आणि जाड फूट रानटी निघाली. मग? तिला कापू? मग माझ्या हातात काय उरतं? एक काडी. काडी दाखवून मी गाडी अडवू? सूनबाई ती पालापाचोळ्याबरोबर झाडून टाकील आणि वर विचारील, काय होतं ते? जोवर माती झाकलेली आहे तोवर जाड फूटही मोसंबीचीच आहे, आणि ती उभी आहे म्हणून बुंधा उभा आहे. एवढं राजकारण तुझ्या वर्गात शिकवत नाहीत.

तुझं मागचं पत्र मिळालंय. “जाड फूट सगळं पाणी ओढून घेते आहे. उशीर केलात तर वरची वाळेल, मग उकरून उपयोग नाही.” धमकी कुणाला देतेस? काडीची दोन पानं पिवळी पडली आहेत. ती पिवळी पडायचीच असतात. माझेही दात पडले, मी कुणाला पत्रं लिहिली नाहीत.

तिसरंही आज सकाळी जरा पिवळट वाटलं. चष्म्याचा दोष असेल.

आप्पा

१४ नोव्हेंबर

चि. सौ.,

माझा चष्मा बुंध्याजवळ पडला. तो शोधताना थोडी माती बाजूला करावी लागली. नंतर चष्मा नाकावरच सापडला, पण तोवर माती बरीच निघाली होती.

वाळू वर वर सुटली, खालची माती मात्र दगडासारखी बसली होती. खुरपं लागेना, शेवटी बोटांनी काढली. मास्तर भिंतीवरून विचारत होते, “काय पुरलंय?” त्यांना म्हटलं, तुमची अक्कल. सांधा दिसला. तुझ्या आईचं काम. बांगडी अडकल्यासारखा फुगवटा आहे, त्याच्या खाली साल खरबरीत, भेगाळलेली, आणि वर गुळगुळीत. दोन जातींचं लाकूड एकमेकांना असं धरून बसलंय की मध्ये नख जात नाही. वखारीत असला माल आला असता तर मी परत पाठवला असता. खाली एक, वर दुसरं, याची मोजणी कशात करायची?

कुठली फूट कुठून आली ते मी लिहिणार नाही. तू इतकी शहाणी, तर तूच ओळख.

त्यानंतर वारा सुटला. इथं हल्ली फार वारा सुटतो. त्यात जाड फूट मोडली.

संध्याकाळी दादा आला. बुंध्याजवळ उकिडवा बसला. “आप्पा, हे वाऱ्यानं मोडलं?”

“मग कुणी?”

“इतकं गुळगुळीत? बुंध्याला अगदी लागून?”

“वारा धारदार होता.”

“आणि तुमच्या विजारीवर भुसा कसला?”

मी म्हटलं, जन्मभर वखारीत होतो, भुसा माझ्या अंगातून येतो. हा माणूस हिशेब तपासतो, घर बांधतो, आणि त्याला वारा कसा असतो हे माहीत नाही.

एक गोष्ट तुला सांगायची नव्हती. तू एकदा म्हणाली होतीस की झाडाचा गाभा मेलेला असतो. जिवंत असतो तो सालीखालचा एक ओला पापुद्रा, नखाहून पातळ. तोच आत लाकूड घालतो आणि बाहेर साल घालतो, आणि दोन झाडं जुळतात तीही त्या पापुद्र्यावरच. मी त्या वेळी दोन दिवस जेवताना बोललो नव्हतो. जन्मभर मी गाभा विकला, गाभ्याला भाव असतो, आणि माझी मुलगी म्हणते तो मेलेला. परवा त्या वाऱ्यात फूट मोडली तेव्हा कापल्या जागी सालीखाली हिरवं ओलं कडं दिसलं. बोट लावलं तर चिकटलं. असेल तुझं म्हणणं. वखारीत माल यायचा तो वाळूनच, आम्हाला कोण दाखवणार.

आता दादा म्हणतो, “संपला ना प्रश्न. गाडी आली की फरशी घालू.” काडीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मी तिच्याकडे बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर हसला असता, आणि त्या दिवशी मला ते सोसलं नसतं.

माती परत घातलेली नाही. बुंधा उघडाच आहे. मला बघवत नाही, म्हणून तिकडं पाठ करून बसतो.

आप्पा

६ जानेवारी

चि. सौ.,

गाडी आली. रस्त्यावर उभी आहे. अंगणात घेता येत नाही, कारण अंगणात मी आहे.

माझी आरामखुर्ची बुंध्याच्या अलीकडे टाकली. सकाळी चहा झाला की येऊन बसतो. पहिल्या दिवशी फरशीवाला सामान घेऊन आला. म्हणाला, “आजोबा, खुर्ची जरा उचला.”

मी म्हटलं, “उचल. मी बसलोय तोवर उचल.”

त्यानं इकडं तिकडं बघितलं, विडी काढली, माझ्याशेजारी पायरीवर बसून ओढली आणि निघून गेला. या घरात तेवढा एकच समजूतदार माणूस आला. दादा खिडकीतून म्हणाला, “आप्पा, लोक बघतायत.” म्हटलं, “बघू देत, तिकीट लावलेलं नाही.” आता रात्री कुठं कुत्रं भुंकलं तरी तो गाडी बघायला उठतो. डोळ्यांखाली काळं आलंय. मला वाईट वाटत नाही.

सूनबाई गोळ्या खुर्चीवरच आणून देते. देताना म्हणते, “ऊन लागेल.” म्हटलं, “झाडाला लागतं ते मला लागू दे.” ती म्हणाली, “कुठलं झाड?” काडी माझ्या पायांशी होती. मी गोळी गिळली. एवढी डोळस बाई, फित्यावरचा केसाएवढा फरक दिसतो तिला.

पण काडीनं जीव धरलाय. जाड फूट गेल्यावर तिला एकदम पानं सुटली, मुडपलेली, पोपटी. त्यातल्या दोन पानांवर कुणीतरी पांढऱ्या शाईनं नागमोडी रेघा ओढाव्यात तसं झालंय आणि पानं वळली आहेत. मला रात्रभर झोप नाही. हा रोग आहे का? की मी चुकीची ठेवली? तू वरची म्हणालीस, मी वरची ठेवली, आता काही झालं तर ते तुझ्यावर आहे. ताबडतोब लिही.

(पत्र टाकायच्या आधीच मास्तर म्हणाले, ती पानात शिरणारी अळी असते, झाड मरत नाही, तेवढी पानं खुडा. खुडली. तरी तू लिही. मास्तरांच्या थोरल्याचं काय झालं ते आपण बघतोय.)

काटे? आहेत, पण अगदी बारीक. पानाच्या देठाला दोन्हीकडून छोटे पंख फुटल्यासारखी कड आहे. तुझ्या आईच्या झाडाला होती का, ते मला आठवत नाही. मी कधी पाहिलंच नाही. मी फळं खाल्ली.

आप्पा

२ मार्च

चि.,

या वेळी सौ. लिहिलं नाही. खोडायचा प्रश्न आला नाही.

काडीला फूल आलं.

माझ्या गुडघ्याएवढी नाही ती, आणि पानाच्या बगलेत पांढरी कळी घेऊन उभी. आधी मला वाटलं पक्ष्यानं घाण केली. मग उघडली. एकच. आगाऊपणाच म्हणायचा. अंगात ताकद नाही, बुंध्यावर गाडीचं चाक यायचंय, आणि ही फुलतेय. तुझं ते जाणतं आणि पोर खरं निघालं म्हणून शेफारू नकोस. एका फुलानं काही सिद्ध होत नाही.

तू विचारशील वासाचं, म्हणून आधीच सांगतो. जूनमध्ये मी लिहिलं होतं की दोन्ही पानांचा वास सारखाच आला. ते खरंच होतं. मला दोन्हींचा येत नव्हता. वखारीतल्या भुशानं माझं नाक कधीच गेलं. तुझ्या आईला माहीत होतं. भाजी करपली तर ती मला वास विचारायची नाही, रंग विचारायची. तुम्हा मुलांना सांगायचं काय कारण?

फुलापुढे खाली वाकलो, नाक अगदी आत घातलं, पराग मिशीला लागला. काही नाही. पाणी हुंगल्यासारखं.

शेवटी सूनबाई कपडे वाळत घालायला आली तेव्हा म्हटलं, “जरा इकडं ये. याला वास आहे का बघ.” तिला वाटलं, गटाराचं काहीतरी म्हणतोय. नाक मुरडून आली. ओल्या कपड्यांची बादली कडेवर तशीच धरून वाकली. मग बादली खाली ठेवली आणि पुन्हा वाकली.

मी म्हटलं, “काय?”

ती अजून हुंगतच होती.

“अगं, लिंबासारखा आहे का? लिंबासारखा असेल तर सांग, मी उठतो, घाल तुझी फरशी.”

म्हणाली, “आईंच्या कपाटाचा वास आहे.”

आणि आत गेली. कपडे बादलीत तसेच. मला आठवलं नाही. मग मीच जाऊन कपाट उघडलं. साड्यांच्या घड्यांत वाळलेली फुलं आहेत, तपकिरी, चुरा झालेली. इतकी वर्षं त्या खोलीत झोपलो मी. मला काय माहीत, ती तिथं काय ठेवते.

दुसऱ्या दिवशी फरशीवाला आला. मी खुर्चीत बसून तयारच होतो. सूनबाई बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, “एवढा चौकोन सोड. आणि कडेला वीट लाव, चाक चढायला नको.” दादा म्हणाला, “अगं, पण गाडी?” ती म्हणाली, “तिरपी लावा. रोज सरळ लावून कुठं जायचंय?” उपकार केल्याचा असा काही आव आणला की मला खुर्ची उचलून आत न्यावी लागली. आता गाडी तिरपी उभी असते, आणि तुझा दादा उतरताना रोज भिंतीला दार घासतो.

फूल अजून आहे. एक पाकळी गळली ती या पाकिटात घातली आहे. तोडलेली नाही, गळलेली आहे. सूनबाईच्या नाकावर माझा भरवसा नाही. तिला फिनेलसुद्धा सुगंधी वाटतं. तुझी आई तुला त्या कपाटात लपू द्यायची, म्हणजे तुला तो वास ओळखता यायला हवा. पण पाकीट टपालातून येईपर्यंत पाकळी वाळणार आणि तुला माझ्याइतकाच वास येणार, हे मला आत्ताच दिसतंय. टपालवाल्यांवर कधी विसंबू नये.

काडीला आणखी दोन कळ्या दिसतात. खालच्या अंगाला आहेत, चिकटून. उघडायला थोडे दिवस घेतील.

वरच्या खोलीत रंगाचे डबे ठेवले होते ते मी काढायला लावले. पायात येत होते. खोली आता रिकामी आहे.

पत्रानं उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. तोवर फुलं गळून जातील.

आप्पा